रत्नाक्कांचे रुंद नवरदेव

"मी जुळवलेलं लग्न आणि मी घातलेलं लोणचं, दोन्ही आजवर नासलेलं नाही!" असं मल्लेश्वरमच्या रत्नाक्का छातीठोकपणे सांगत. आणि ते खरंही होतं. निदान लोणच्याच्या बाबतीत तरी कुणी वाद घालत नसे.

बेंगळुरातल्या मराठी मंडळाचा विवाह विभाग म्हणजे रत्नाक्कांच्या घराची पुढची खोली. तिथे एक लोखंडी पेटी, पेटीत फोटो, आणि बाकी सगळं रत्नाक्कांच्या डोक्यात. तुम्ही कुठल्याही मुलाचं नाव घ्या, रत्नाक्का सुरू! "बसवनगुडीतला ना? त्याच्या आजोबांची वरात संपिगे रोडवरून बैलगाडीत निघाली होती. बैलानं नवरदेवाच्या मुंडावळ्या खाल्ल्या. घराणं चांगलं आहे. शांत आहेत. बैलालासुद्धा कुणी काही बोललं नाही."

त्यांचे नियम दोनच. पहिला, फोटो घराबाहेर जाणार नाही. "पोरींचे फोटो म्हणजे काय सर्कशीची हँडबिलं आहेत, फोनाफोनावर वाटायला? ज्यांना बघायचाय त्यांनी यावं, बसावं, कॉफी प्यावी, कोडबळी खावीत, आणि बघून जावं." दुसरा नियम, मल्लेश्वरमची मुलगी सिल्क बोर्डाच्या पलीकडे द्यायची नाही!

हा दुसरा नियम काळाप्रमाणे वाढत आला होता. रत्नाक्कांच्या लहानपणी जयनगरसुद्धा परगाव होतं. त्यांची मैत्रीण लग्न होऊन जयनगरला गेली तेव्हा आख्खा क्रॉस, म्हणजे सगळी गल्ली, रस्त्यावर उभी राहून रडली होती. पुढे बस झाल्या, मेट्रो झाली, आणि रत्नाक्कांनी मोठ्या मनानं आपली हद्द जयनगरपर्यंत वाढवली. पण सिल्क बोर्डाचा तो चौक! तिथे सकाळी अडकलेला माणूस संध्याकाळी सुटतो, आणि सुटला की परत फिरायची वेळ झालेली असते. तिकडे दिलेल्या मुलीचं बारसं, डोहाळजेवण, सगळं फोनवरच बघायचं. नकोच ते.

(मेट्रोची पिवळी लाइन सुरू व्हायच्या आधीची ही गोष्ट आहे, हे ध्यानात ठेवा. पुढे लागेल.)

तर असं सगळं सुरळीत चाललं असताना जयनगरच्या सोयराबाईंनी डोकं वर काढलं. सोयराबाई फोनवर लग्नं जुळवत. फोटो फोनवर, पत्रिका फोनवर, होकार फोनवर. आणि मंडळाचे अध्यक्ष अप्पासाहेब एक दिवस रत्नाक्कांकडे कोडबळी खाता खाता म्हणाले, "अक्का, आता वय झालं. स्वल्प विश्रांती घ्या. ह्या वर्षीचा मेळावा झाला की विभाग सोयराबाईंकडे द्यावा म्हणतो."

रत्नाक्कांनी कोडबळ्यांचं ताट उचलून आत नेलं.

मग बाहेर येऊन म्हणाल्या, "मेळावा होऊ दे. ह्या वर्षी पेटी आणणार नाही. पडदा लावणार! सगळे फोटो मोठ्या पडद्यावर! मग ठरवा कुणाला विश्रांती पाहिजे ते!"

त्याच आठवड्यात एस. पी. रोडच्या जुन्या मालाच्या बाजारातून एक वापरलेला कॉम्प्युटर आला. त्यात लिनक्स होतं. "जुन्या मशीनला हेच मानवतं," असं दुकानदार म्हणाला. रत्नाक्कांना त्यातलं काही कळलं नाही, पण यंत्राचा एक गुण फार आवडला. वीज आली की ते आपोआप सुरू व्हायचं. "हाक मारावी लागत नाही! असा एक तरी मुलगा आहे का कुणाच्या घरात?"

भावाची नात हर्षिता जवळच राहायची. शाळेत शिकवायची, आणि दर शनिवारी येऊन पेटीतले फोटो स्कॅन करून कॉम्प्युटरमध्ये घालायची. ह्या हर्षिताचंच लग्न रत्नाक्कांना जमवायचं होतं. पोरगी गुणी, पण प्रत्येक मुलात खोट काढण्यात पटाईत. एकाला नाही म्हणाली, कारण तो इडली काट्या-चमच्यानं खायचा.

पडद्यावर सगळी माणसं जरा भरलेली दिसत होती खरी. पण रत्नाक्कांना वाटलं, हल्ली सगळेच सुखवस्तू झालेत.

अशाच एका शनिवारी शुभंकर आला. मूळचा निपाणीचा, नोकरी सिल्क बोर्डाच्या पार पलीकडे, इलेक्ट्रॉनिक सिटीत, भाड्याचा फ्लॅटही तिथेच. लग्नासाठी नाव नोंदवायला आला होता. फोटो त्यानं आधीच पाठवला होता. रत्नाक्कांनी तो पडद्यावर उघडला, आणि शुभंकर खुर्चीतून उठलाच.

"अक्का, हा मी नाही की ओ!"

"खाली नाव तुझं आहे."

"नाव माझं आहे. पण हे डोकं? भोपळा आहे नव्हं हा! आणि माझे कान बघा, एक बेळगावात आणि एक बेंगळुरात!"

कोपऱ्यात स्कॅनरपाशी बसलेली हर्षिता खुदकन हसली. शुभंकरनं तिकडे पाहिलं, आणि पुढचं वाक्य विसरला. पोरगं प्रवासानं दमलंय असं वाटून रत्नाक्कांनी त्याला पाणी दिलं.

पाणी पिऊन तो कॉम्प्युटरसमोर बसला. "अक्का, तुमचा पडदा रुंद आहे. पण कॉम्प्युटरला ते ठाऊकच नाही. त्याला वाटतंय पडदा आखूड आहे. म्हणून आखूड चित्र काढतोय, आणि पडदा ते ताणून ताणून बसवतोय. मधली ही केबल आहे ना, ही पडद्याचं खरं माप पलीकडे पोचवत नाही."

रत्नाक्कांना एकदम सगळं समजलं. "म्हणजे मधला माणूस खरी मापं सांगत नाही!"

"अगदी तसंच."

"आमच्यातही आहेत असले. जयनगरला राहतात."

शुभंकरनं एक काळी खिडकी उघडून तीन ओळी टाइप केल्या. पडदा एकदा मिटला, एकदा उघडला, आणि बघता बघता बेंगळुरातला सगळा मराठी समाज बारीक झाला! गाल आत गेले, हनुवट्या परत आल्या. एका मुलाची मिशी कानापर्यंत पोचली होती, ती नाकाखाली येऊन गुमान बसली.

"फक्त एक सांभाळा," शुभंकर म्हणाला. "कॉम्प्युटर बंद करू नका. बंद होऊन परत सुरू झाला की तो हे माप विसरतो."

"विसरतो? आत्ता सांगितलेलं? अरे, मला माझ्या मावशीच्या लग्नातली पंगत आठवते! मीठ वाढायचं राहिलं होतं आणि मुलाकडच्यांनी मागितलंसुद्धा नाही."

"यंत्र आहे, अक्का. पण त्याला कायमचं सांगून ठेवायचं तर..."

तेवढ्यात हर्षिता कॉफी घेऊन आली, आणि ते वाक्यही राहिलं.

जाताना शुभंकरनं विचारलं, "माझ्यासाठी एखादं स्थळ?" रत्नाक्का म्हणाल्या, "तुला तिकडचीच बघू. बोम्मनहळ्ळीची, नाहीतर होसूरची. इकडच्या मुली काही तुझ्या कामाच्या नाहीत." हर्षिता कपबशा विसळत होती. एक कप जरा जोरात आपटला.

आता तुम्हाला रत्नाक्कांच्या घरातल्या मेन स्विचबद्दल सांगायला हवं.

रत्नाक्कांचे यजमान नरसिंहराव वीज खात्यात होते. देवमाणूस. पण जन्मभर विजेत राहून त्यांचा विजेवर काडीइतका विश्वास उरला नव्हता. घरात माणूस नसताना वीज काय करील सांगता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. म्हणून घरातून शेवटचा माणूस बाहेर पडताना मेन बंद करणार, खट्ट! आणि पहिला माणूस परत आला की मेन सुरू, खट्ट! नरसिंहराव जाऊन बरीच वर्षं झाली, पण रत्नाक्कांचा हात अजून दाराबाहेर पडताना आपोआप वर जायचा. फ्रिजमधलं दूध नासायचं, बर्फ वितळून स्वैपाकघरात ओघळ यायचा, पण नियम म्हणजे नियम. चप्पल घालणं आणि मेन बंद करणं ही त्यांच्या लेखी दोन वेगळी कामंच नव्हती.

पुढल्या मंगळवारी त्या देवळात गेल्या. खट्ट. परत आल्या. खट्ट. कॉम्प्युटर शहाण्या मुलासारखा उठून बसला. आणि पायरीवर यशवंतपूरच्या शिवलीलाबाई वाट बघत होत्या.

शिवलीलाबाईंचा मुलगा रणजीत. उंच, शिडशिडीत, चांगल्या नोकरीचा, आणि मुख्य म्हणजे यशवंतपूरचा! मल्लेश्वरमच्या शेजारी! रत्नाक्कांनी हर्षितासाठी तो मनात पक्का करून ठेवला होता. मोठ्या दिमाखात त्यांनी हर्षिताचा सायकलवरचा फोटो उघडला.

शिवलीलाबाई बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुम्ही शिडशिडीत म्हणाला होतात."

रत्नाक्कांनी चष्मा पुसून पाहिलं. पडद्यावर हर्षिता थापलेल्या थालीपिठासारखी पसरली होती!

"अय्यो! हे परत झालं! अहो, मुलगी बारीक आहे. हा कॉम्प्युटर जाड करतो!"

"कॉम्प्युटर कसा जाड करेल? खाणं जाड करतं."

"मागचं झाड बघा ना! झाडसुद्धा जाड आहे!"

"झाडं असतात जाड."

"बरं, मग सायकलचं चाक बघा! चाक कधी अंड्यासारखं असतं का?"

"मुलीच्या वजनानं झालं असेल," शिवलीलाबाई म्हणाल्या आणि उठल्या. "मुलीला मेळाव्यात प्रत्यक्ष बघूच. पण अक्का, राग मानू नका. ज्यांना फोटो धड दाखवता येत नाही त्यांनी लग्नं जुळवायची म्हणजे... सोयराबाईही परवा तेच म्हणत होत्या."

दार लागायच्या आत रत्नाक्कांनी शुभंकरला फोन लावला. "शुभंकर, सगळे परत सुटले!"

"अक्का, कॉम्प्युटर बंद केला होता?"

"देवाशपथ नाही! त्याच्या बटणाला मी बोटसुद्धा लावलेलं नाही!"

"मग असं कसं काय की... बरं, शनिवारी येतो."

"एवढ्या लांबून कशाला येतोस? त्या तीन ओळी हर्षिताला फोनवर सांग की. शिकलेली आहे ती."

"नको नको!" शुभंकर घाईघाईनं म्हणाला. "फोनवर नाही जमायचं. फार नाजूक काम आहे. मलाच यायला लागेल."

रत्नाक्कांना फार बरं वाटलं. हल्लीच्या मुलांत इतकं कामसू कोण असतं?

मग दर शनिवारी शुभंकर यायचा. माणसं बारीक व्हायची. आठवड्यात रत्नाक्का कधी भाजी आणायला आठव्या क्रॉसला जायच्या, कधी हळदीकुंकवाला, आणि परत येऊन बघतात तो आख्खा समाज फुगलेला! घरात कुणी असलं की मेन बंद व्हायचा नाही, त्यामुळे शनिवारी शुभंकरसमोर सगळं अगदी शहाण्यासारखं चालायचं.

रत्नाक्कांनी आपल्या परीनं शोध लावला. आधी संशय कामवाल्या भागूबाईवर. तिला त्या टेबलाखाली झाडायची बंदी झाली. भागूबाई खूश झाली. मग संशय पालीवर. मग शेजाऱ्यांच्या बोअरवेलच्या पंपावर. शेवटी रत्नाक्कांनी कॉम्प्युटरला नरसिंहरावांची जुनी शाल पांघरली. थंडीनं गारठून विसरत असेल बिचारा, म्हणून.

शुभंकरही तपासात कसूर करत नव्हता. एकदा टेबलाखाली शिरून त्यानं ती केबल इंचाइंचानं तपासली. हर्षितानं टॉर्च धरला होता. दोन कप कॉफी निवून गेली तरी तपास चालूच! टेबलाखालून मधून मधून हसू ऐकू यायचं. रत्नाक्का कौतुकानं म्हणाल्या, "बाई गं, काम करावं तर असं. हसत हसत!"

"हर्षिता, त्या रणजीतचा फोटो बघितलास का?" त्या विचारायच्या.

"मेळाव्यात बघते ना, अज्जी," टेबलाखालून उत्तर यायचं.

मेळाव्याचा रविवार उजाडला. रत्नाक्का कॉम्प्युटर मांडीवर घेऊन ऑटोत बसल्या. शाल होतीच. खड्डा आला की ओरडायच्या, "निधानवागी होगप्पा! हळू!" ड्रायव्हरनं आरशातून बघून विचारलं, "अज्जी, मगू आहे काय? बाळ?" रत्नाक्का म्हणाल्या, "बाळ नाही. सगळे लग्नाचे आहेत."

शुभंकर त्यांच्या आधीच मार्गोसा रोडवरच्या हॉलवर पोचला होता. इलेक्ट्रॉनिक सिटीहून! रविवारी सकाळी! त्यानं तीच केबल हॉलच्या प्रोजेक्टरला लावली, तीन ओळी टाइप केल्या, आणि भिंतीवर सगळी मंडळी अगदी मापात उभी राहिली.

सकाळचं सत्र म्हणजे काय सांगू! रत्नाक्का माइकवर होत्या. हर्षिता एक एक फोटो लावत होती. "हा हुबळीचा मुलगा. ह्याच्या आजीनं सवाष्णीला वाढताना तूप कधी हात आखडून वाढलं नाही. ही मुलगी तंजावराकडच्या घराण्यातली. हिच्या पणजोबांनी एकदा टांग्यातून पडूनही पगडी सोडली नव्हती." लोक टाळ्या वाजवत होते. तीन कुटुंबं तर उठून एकमेकांच्या शेजारी जाऊन बसली. पहिल्या रांगेत सोयराबाई हातातल्या फोनवर उगाच बोट फिरवत होत्या. अप्पासाहेब रत्नाक्कांच्या कानाशी येऊन म्हणाले, "अक्का, विश्रांतीचं मी काही बोललोच नव्हतो असं समजा."

मग जेवणाची सुट्टी झाली. पंगत खाली तळघरात. बिसिबेळे भात, ओबट्टू म्हणजे इकडची पुरणपोळी, सगळा बेत. माणसं जिन्यानं उतरली. हॉल रिकामा झाला. रत्नाक्कांनी समाधानानं एकदा चौफेर पाहिलं आणि शेवटी बाहेर पडल्या. दाराशेजारी भिंतीवर एक करडी पेटी होती. त्यांचं मन ओबट्टूत होतं. हात मात्र ठरल्याप्रमाणे वर गेला.

खट्ट!

तळघराचा मीटर वेगळा होता, त्यामुळे खाली कुणाला काही कळलं नाही. फक्त अप्पासाहेबांचं पान रिकामं राहिलं. कुणी म्हणालं, वरच असतील. कुणी म्हणालं, घरी गेले. सोयराबाई हळूच म्हणाल्या, "रागावले वाटतं. सकाळी मध्येच एकदा उठून गेले होते." रत्नाक्का विचारात पडल्या. अध्यक्ष का रागावले असतील? सकाळी तर गोड बोलत होते! त्यांनी एक ओबट्टू झाकून ठेवला, स्वतःचं पान भराभर संपवलं आणि सगळ्यांच्या आधी वर आल्या. खट्ट. दिवे लागले. कॉम्प्युटर आपोआप उठला. लोक विडे चघळत येऊन बसले.

रत्नाक्कांनी माइक हातात घेतला. "आता बघू या एक खास मुलगा. यशवंतपूरचा रणजीत. उंच, शिडशिडीत, वेताच्या काठीसारखा..."

हर्षितानं फोटो लावला.

भिंतभर रणजीत! ह्या खिडकीपासून त्या खिडकीपर्यंत! टाय टॉवेलएवढा. डोळे दोन दिशांना, जणू दोन स्थळं एकाच वेळी बघतोय. हॉलमध्ये विडा चघळण्याचासुद्धा आवाज थांबला.

शिवलीलाबाई उभ्या राहिल्या. "हा माझा मुलगा नाही!"

मागून रणजीत म्हणाला, "आई, मीच आहे तो."

"तू गप्प बस!"

घाबरून हर्षितानं सकाळचाच एक फोटो परत लावला. हुबळीचा मुलगा. तोही तसाच! कुणीतरी ओरडलं, "अहो, सकाळी हा एवढासा होता! जेवून एवढा झाला?" मुलाचे वडील कळवळून म्हणाले, "एकच ओबट्टू खाल्ला हो त्यानं!" सकाळी शेजारी जाऊन बसलेली तीन कुटुंबं आपापल्या खुर्च्यांवर परत गेली.

सोयराबाई उभ्या राहिल्या. आवाज साखरेसारखा. "रत्नाक्का, सकाळचे फोटो लग्नाआधीचे, आणि हे लग्नानंतरचे का?"

हॉल हसून फुटला. एवढ्या वर्षांची लग्नं, ती पेटी, ती माणसं, सगळं भिंतीवर पसरून चपटं झालं होतं. आणि तेवढ्यात हॉलच्या टोकाची लिफ्ट उघडली.

आतून अप्पासाहेब बाहेर आले. घामानं चिंब, टोपी हातात, चेहरा त्या भिंतीवरच्या फोटोंपेक्षा सुजलेला. सत्र सुटल्यावर ते हात धुवायला गेले होते, आणि गुडघ्यांसाठी एकटेच लिफ्टनं निघाले होते. वीज परत आल्यावर लिफ्टनं त्यांना आधी तळघरात नेलं, तिथली पंगत उठली होती, आणि मग वर आणलं.

"मेन," अप्पासाहेब म्हणाले, "कुणी बंद केला?"

"मी!" रत्नाक्का अभिमानानं म्हणाल्या. "हॉलमध्ये कुणी नसताना वीज चालू ठेवू नये. आमच्यांनी जन्मभर..."

"मी होतो ना! लिफ्टमध्ये! एवढा ओरडलो, दारावर थापा मारल्या! खालून नुसता 'आणखी ओबट्टू वाढा' एवढा आवाज येत होता!"

"पण तुम्ही दिसत नव्हतात हो."

"लिफ्टमध्ये कसा दिसणार?"

पण शुभंकरचं त्या दोघांकडे लक्षच नव्हतं. तो स्टेजजवळ उभा राहून रत्नाक्कांकडे टक लावून बघत होता. "अक्का... घरातून बाहेर जाताना पण मेन बंद करता?"

"मग? उघडा टाकून जाऊ?"

"आणि मी दर वेळी विचारत होतो, कॉम्प्युटर बंद केला का..."

"तू कॉम्प्युटरचं विचारलंस! मेनचं कुठे विचारलंस? त्याच्या बटणाला मी आजही हात लावलेला नाही. शपथेवर सांगते!"

लोक पोट धरून हसायला लागले. शुभंकर कॉम्प्युटरपाशी गेला, आणि सगळ्यांच्या देखत तीन ओळी टाइप केल्या. भिंत एकदा काळी झाली, एकदा उजळली, आणि हुबळीचा मुलगा सरसर सरसर बारीक झाला! टाळ्याच टाळ्या! मुलाच्या वडिलांनी डोळे पुसले. शिवलीलाबाई खाली बसल्या. तीन कुटुंबांपैकी दोन परत शेजारी जाऊन बसली. वाचलो, असं रत्नाक्कांना वाटलं.

सोयराबाई मात्र अजून उभ्याच होत्या.

"एक विचारू का? ह्या तीन ओळी दर वेळी हातानं कशाला लिहायच्या? कॉम्प्युटरलाच सांगून ठेवता येत नाही? माझा फोन तर बंद करून सुरू केला तरी सकाळचा गजर विसरत नाही."

शुभंकर कीबोर्डकडे बघत म्हणाला, "येतं की."

"म्हणजे?"

"एका फाइलीत त्या ओळी लिहून ठेवायच्या. मग सुरू होताना तो आपणच वाचतो. कायमचं टिकतं."

"फार अवघड असतं का ते?"

"नाही... पाच मिनिटांचं काम."

रत्नाक्का मधे पडल्या. "अरे, मग इतके दिवस केलं का नाहीस? दर शनिवारी बिचारा हेलपाटे घालतोय!"

"दर शनिवारी?" सोयराबाईंचे डोळे चमकले. "राहता कुठे तुम्ही?"

"इलेक्ट्रॉनिक सिटी."

अप्पासाहेब आपली भूक विसरले. "सिल्क बोर्डावरून?"

"हो."

"दर शनिवारी? पाच मिनिटांच्या कामासाठी?"

"हो."

मधल्या रांगेतल्या एक आजी सद्गदित होऊन म्हणाल्या, "माझा पोटचा मुलगा ह्याच्या कितीतरी अलीकडे, बोम्मनहळ्ळीला राहतो. तो दिवाळीला येतो!"

आता हे बेंगळूर आहे. इथे कुणी कुणासाठी सिल्क बोर्ड ओलांडला, एवढं सांगितलं की पुढचं सांगावं लागत नाही. आख्ख्या हॉलच्या माना एकदम वळल्या. हर्षिता कॉम्प्युटरमागे वाकून एक केबल फार बारकाईनं तपासत होती. त्या केबलीचं दुसरं टोक कशालाच जोडलेलं नव्हतं.

सगळ्यांत शेवटी मान वळली ती रत्नाक्कांची. आणि एकेक शनिवार त्यांच्या डोळ्यांसमोरून सरकायला लागला. आपटलेला कप. निवलेली कॉफी. टॉर्च. टेबलाखालचं हसू! मावशीच्या लग्नात मीठ वाढायचं राहिलं हे ज्यांना आठवत होतं, त्यांच्या स्वतःच्या पुढच्या खोलीत महिनोन् महिने काय शिजतंय, हे त्यांना दिसलं नव्हतं!

"हर्षिता!"

"अज्जी, मी सांगणार होते..."

"कधी?"

"कॉम्प्युटर दुरुस्त झाला की."

मागून रणजीत उठला. हसत होता. "आई, चल. मी यशवंतपूरहून इथे यायला सकाळी किती कुरकुर केली, आठवतं ना? ह्याच्यापुढे माझं काही चालायचं नाही."

शिवलीलाबाई फणकाऱ्यानं उठल्या, पण दोन रांगा ओलांडायच्या आत सोयराबाईंनी त्यांना थांबवून फोन पुढे धरला. "बसा हो. जयनगरची एक मुलगी दाखवते."

रत्नाक्कांनी माइक तोंडाशी नेला. "सिल्क बोर्डाच्या पलीकडे मुलगी द्यायची नाही, असा माझा नियम आहे," त्या म्हणाल्या. शुभंकरचा चेहरा पडला. "का? तर तिकडे गेलेलं माणूस परत इकडे येत नाही म्हणून. पण हा मेला तर दर शनिवारी येऊन बसतोय! ह्याला नियम लावायचा तरी कसा?"

टाळ्यांनी छत उडायचं राहिलं. आणि विभागाचं काय, असं अप्पासाहेबांनी विचारलं तेव्हा उत्तर सोयराबाईंनीच दिलं. "त्यांच्याकडेच राहू द्या. त्यांच्या घरी तर त्यांना न कळतासुद्धा लग्नं जुळतात. पण हे लग्न लिहायचं माझ्या नावावर. ओळखलं मी."

अप्पासाहेबांनी मान हलवली आणि झाकून ठेवलेला ओबट्टू खायला बसले.

लग्न झालं. मीठ सगळ्यांना वाढलं गेलं, रत्नाक्का स्वतः उभ्या होत्या. लग्नाआधी शुभंकरनं ती फाइल लिहिली, खरोखर पाच मिनिटांत. तेव्हापासून मेन बंद करा, चालू करा, हवं तितकं खट्ट करा, पडद्यावर माणसं मापातच उभी राहतात. पुढे मेट्रोची पिवळी लाइनही सुरू झाली, आणि रत्नाक्कांनी मोठ्या मनानं आपली हद्द थेट इलेक्ट्रॉनिक सिटीच्याही पलीकडे, शेवटच्या स्टेशनपर्यंत, बोम्मसंद्र्यापर्यंत नेली.

कॉम्प्युटर आता काही विसरत नाही. बिघडत नाही. त्यामुळे शनिवारी पुढच्या खोलीत कुणी नसतं. टेबलाखाली भागूबाईसुद्धा झाडत नाही, बंदी उठवायचं रत्नाक्का विसरल्या आणि भागूबाईनं आठवण केली नाही. दुपारी कॉफीचं भांडं गॅसवर ठेवताना रत्नाक्कांचा हात अजून तीन कपांकडे जातो.

एका शुक्रवारी त्यांनी फोन उचलला. "शुभंकर, सगळे परत सुटले रे!"

शुभंकर गंभीरपणे म्हणाला, "अक्का, मेन बंद केला होता?"

"केला होता."

"मग यायलाच पाहिजे. हर्षितालाही आणतो. टॉर्च धरायला कुणीतरी लागतं."

शनिवारी दोघं आले. हर्षितानं शाल बाजूला केली, पडदा लावला आणि वाकून बघितलं. "अज्जी, सगळे व्यवस्थित दिसतायत की. बारीकच्या बारीक!"

रत्नाक्कांनी चष्मा लावून पडद्याकडे अगदी बारकाईनं पाहिलं.

"हो का? तुम्हाला बघून सुधारला असेल. बसा, कोडबळी तळलीत. आणि आत्ताच सांगून ठेवते, पुढच्या शनिवारी तो परत बिघडणार आहे!"